पंचमीला उघडी राहिलेली कडी

सिरसाळा,
गुरुवार, ३१ जुलै २०२५

सौ. महानंदा विहीणबाईंना दानम्माचा शरणार्थ. इकडे सगळं क्षेम आहे. शिवकन्याच्या पायाला अजून सूज येत असेल तर तिला संध्याकाळी पाय उंच ठेवून पडायला सांगा. जावईबापूंना आशीर्वाद.

परवा पंचमीला उजाडताच मी अंगण झाडलं, सडा टाकला, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. लिंगपूजा आटोपली. मागच्या खोलीत जाऊन तांबडीच्या काचेच्या पेटीतलं पाणी बदललं, उबेचा दिवा चालू आहे का पाहिलं, पेटीच्या झाकणाची कडी लावली आणि पुढं येऊन दुकानाचं शटर वर केलं. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही; त्यामुळे बाया सकाळीच मोकळ्या होतात आणि लाह्यांना गिऱ्हाईक लागतं. दुपारपर्यंत माझ्या काट्याला उसंत नव्हती.

हे फोनवर सांगितलं असतं. पण तुमचा फोन मोठ्या आवाजावर असतो आणि तुमच्या ओसरीवर कायम कुणी ना कुणी बसलेलं असतं. तुमच्या गावच्या जीपवाल्याला बजावलं आहे, पत्र विहीणबाईंच्याच हातात द्यायचं.

तुम्ही तांबडीला पाहिलेलं नाही. लग्नाच्या वेळी तुमच्या माणसांनी मागच्या खोलीला कुलूप घालायला लावलं होतं. ती नाग नाही. अजगराच्या नात्यातली, बोआ म्हणतात तिला. विष नाही. जात परदेशातली, जन्म पुण्यातला, वनखात्याकडे नोंद केलेली. शेपटीकडं विटकरी रंगाचे पट्टे आहेत म्हणून तांबडी.

सगळे म्हणतात, मालकांचा छंद. छंद त्यांचाच, पण निवड माझी. पुण्याला त्या माणसाकडं दोन पिल्लं होती. एक हातात दिलं की गोळा होऊन गप्प बसायचं. मालक म्हणाले, "हे घेऊ, लई गरीब हाय." मी म्हणाले, "बाजारात शेळी अशी गप्प उभी असली तर तुम्ही घेता का?" दुसरं सारखं जीभ काढून हवा चाखत होतं, माझ्या बांगड्यांमधून वाट काढत होतं, धरलं तर अंग घट्ट लागत होतं. डोळे स्वच्छ, तोंडाजवळ ओल नाही. मी त्या माणसाला म्हणाले, आधी हिला आमच्यासमोर खाऊ घाल, मग बघू. तिनं खाल्लं तेव्हाच आणली.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यासाठी परसातल्या शेडात वेगळं बर्फाचं कपाट आहे. मालक होते तोवर मी तिकडं फिरकत नव्हते. ते गेले त्याला आता दीड वर्ष होईल. ते गेल्यावर पहिल्यांदा तिला खायला घालायची वेळ आली तेव्हा मी गोठलेला उंदीर कोमट पाण्यात सोडला, लांब चिमट्यानं धरला, तोंड फिरवलं. नंतर आंघोळ केली. आता तोंड फिरवत नाही. बाकीचं वाचून शिकले. मी शाळेत गेले नाही, दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले. मालकांनी तिच्याविषयी जे जे छापून आणलं होतं तेही तसंच एकेक ओळ करून वाचलं. पेटीचं एक टोक उबदार पाहिजे, दुसरं गार. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. डोळे निळसर झाले की कात टाकणार, तेव्हा ओल वाढवायची.

परवा आमच्या शेजारची चंद्रकला बायांना घेऊन आली. हातात दुधाची वाटी.

"दानम्मा, घरात देवता असताना वारुळाला कशाला जायचं गं चिखलातून?"

"ती नाग न्हाई. दूध पीत न्हाई."

"पीत न्हाई कशी? तू पाजलंच नसशील."

"तुझ्या म्हशीला मटण दे मग. खाईल."

बाया हसल्या. चंद्रकलाही हसली. मला वाटलं, विषय मिटला. पुढं गर्दी होती, मी लाह्या जोखत राहिले. दुपारी मागं गेले तर पेटीत दुधाची वाटी, काचेला कुंकू, सगळीकडं लाह्या. झाकणाची कडी उघडी. तांबडी नाही.

चंद्रकलाला हळूच विचारलं. तिचा चेहराच उतरला. "म्या लावलती की कडी… लावलती का गं? पाया पडले, मग दुसऱ्या बायांना जागा दिली…" तिनं नवऱ्याला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली. तिचा नवरा, सुंदरराव, दाराआड काठी ठेवून असतो. गावात कळलं तर चार माणसं काठ्या घेऊन येतील आणि ती पाच मिनिटं जगायची नाही. पण त्याच सुंदररावांची नात अंगणात रांगते. मी त्या नातीला दोन दिवस माझ्या दुकानात पोत्यावर बसवून ठेवते आहे. चंद्रकलाच आणून देते. सुंदरराव काल म्हणाले, "वैनी, पोरीचा लई लळा लागला की तुमाला!"

आता तुमच्या फोनाचं. काल तुम्ही विचारलंत, "पयलं लेकरू हाय आमचं. सापाच्या घरात सून धाडायची न्हाई मला. दिला का न्हाई तुमी त्यो?"

मी म्हणाले, "पेटी रिकामी हाय."

"बरं झालं बाई. रविवारी आमचा राजेश्वर आणून सोडंल तिला."

तुम्ही लगेच शिवकन्याला हाक मारलीत, ती मागून "आई, येऊ ना?" म्हणाली, आणि मी "ये" म्हणाले. वर क्षेम आहे असं लिहिलं ते सवयीनं. तांबडी कुठं आहे मला माहीत नाही. रविवारी शिवकन्याला पाठवू नका.

परळीच्या युवराजला फोन केला होता. तो गावोगाव साप धरून रानात सोडतो, मालकांना गुरू मानायचा. तो म्हणाला, "मावशी, लांब जात नसती ती. आंधारी, उबदार, आवळ जागा बघा. मोठ्या जागा बघू नका." मी पोती हलवली, शेडातल्या कपाटाच्या मागं पाहिलं, माळ्यावर चढले, मोरीत विजेरी मारली. सगळं घर पाहिलं.

एक खोली सोडून. शिवकन्याच्या बाळंतपणासाठी तयार केलेली. बाज काढून ठेवली आहे, मालकांच्या धोतरांच्या गोधड्या शिवून बाजेवर रचल्या आहेत. तिचं दार मी सोमवारीच ओढून घेतलं होतं, म्हणून पाहिलं नाही. पण दाराखाली हात जाईल एवढी फट आहे. हे लिहिताना आठवलं असं नाही. परवापासून ठाऊक आहे.

पत्र उघडंच ठेवते. दिवे लागायच्या आत ती खोली पाहून येते.

*

शुक्रवार, दुपार

विहीणबाई, सापडली.

गोधड्यांच्या घडीत होती, बाळाच्या गोधड्यांच्या. वरून काही दिसत नव्हतं. मधल्या घडीत हात घातला आणि गार, घट्ट अंग लागलं. ते हललं.

मला वाटलं होतं, त्या जागी हात पडला तर आधी लेक आठवेल. ती इथं निजली असती, शेजारी लेकरू असतं, हे डोळ्यांपुढं येईल. विष नाही म्हणून काय झालं. एवढ्याशा जिवाला ती आवळू शकते, हे मी स्वतः वाचलेलं आहे. पण तसं झालं नाही. आधी मनात आलं, जिवंत आहे. तेवढंच. मी जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. मालक गेले तेव्हा लोक जमले होते, मला रडू आलं नव्हतं.

मी तिला उचललं. तिनं माझ्या दंडाला विळखा घातला, आवळून नाही, पडू नये म्हणून घालते तसा. तशीच बसून राहिले. दीड वर्षात माझा हात कुणी असा धरलेला नाही. शिवकन्या फोन करते, चंद्रकला येते, गिऱ्हाईक येतं. पण हात कोण धरणार?

मग कुठं लेक आठवली. त्या खोलीत, त्या बाजेशेजारी बसून ती मला दुसऱ्यांदा आठवली, पहिल्यांदा नाही. परवा फोनवर तिला "ये" म्हणतानाही माझं अर्धं मन म्हणत होतं, नको येऊस, तू आलीस तर हिला द्यावं लागेल. हे मी शिवकन्याला सांगू शकत नाही. माझ्या बहिणीला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही दोन्ही बाळंतपणं माहेरी आई नसताना काढलीत. लेकीला आईची वाट बघायला लावणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी शिकवायला नको.

हे पत्र फाडून टाकता आलं असतं. तांबडी पेटीत परत आली होती, गावाला काही कळलेलं नाही, चंद्रकला बोलणार नाही. तुम्ही रविवारी पोरीला पाठवलंच असतं. पण मग ती बारा आठवडे इथं राहिली असती आणि रोज तुम्ही फोनवर विचारलं असतं, मी रोज काहीतरी अर्धं बोलले असते.

आता ठरवायचं तुम्ही. पाठवलीत तर तिची खोली तयार आहे. नाही पाठवलीत तर मी तुमच्याकडं येईन. लेकीच्या सासरी पाणी प्यायचं नाही ही आमच्या आईची रीत मी मोडीन, तुमच्या ओसरीवर निजेन, बाळ-बाळंतिणीचं तेल-पाणी करीन. मला लाज वाटणार नाही.

जे केलं ते तुम्ही सांगितलं म्हणून केलं नाही, एवढं ध्यानात ठेवा. तुमच्या सांगण्यानं केलं असतं तर माझ्या मनात राहिलं असतं.

काल रात्री तिला पेटीत ठेवून कडी लावली. आज सकाळी युवराज जीप घेऊन आला. मी स्वतः तिला कापडी पिशवीत सोडलं, तोंड बांधलं, आता तोच सांभाळणार म्हणून खाणं कधी घातलं ते त्याला सांगितलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

शिवकन्याची आई,
दानम्मा