वाकड्या मुळाची दाढ

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी बरणी पोचली. झाकण एवढं घट्ट लावलं होतंस की उघडताना माझेच दात पडायची वेळ आली. फोन केला की तू ‘पेशंट आहे गं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहितेय. बाबा म्हणायचे ना, कागदासमोरून कोणी मध्येच उठून जात नाही.

तू आणि तुझे चार डॉक्टर मित्र काढलेल्या दाढा जमवून देता, म्हणून तर माझं संशोधन चाललंय. तुला एकदा इथे आणून बसवायला पाहिजे. लांबट खोली, एकच खिडकी, तीही उघडत नाही. आधी पाण्याची धार सोडून हिऱ्याच्या चकतीने दाढेचं डोकं उडवायचं. डोकं कचऱ्यात, मुळं कामाला. मग वाकडी मुळं निवडायची आणि आतल्या नळ्या निम्म्यांत जुन्या, सुईसारख्या पोलादी फाइलने हाताने साफ करायच्या, निम्म्यांत नव्या लवचिक फाइलने, मोटर लावून. मग त्या गुलाबी रबरासारख्या काड्या कुठे गार दाबून भरायच्या, कुठे गरम करून. शेवटी मुळाच्या गाजरासारख्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली फट शोधत बसायचं. माझी मान आता मुळासारखीच वाकडी झाली आहे.

या खेपेला गंमत झाली. एका दाढेत चांदी भरलेली होती आणि तिच्यावर अगदी खऱ्या दाढेसारख्या खाचा कोरलेल्या. मला बाबाच आठवले, तेही पेशंटच्या दाढा भरताना अशाच कोरायचे. आता एवढा जीव कोण लावतं? पण कुण्या शहाण्याने बरोबर तिच्या मधोमध भोक पाडून रूट कॅनाल सुरू केलेलं. मी डोकं उडवलं, मुळाचा एक्स-रे काढला, तर आत फाइलचा तुकडा! वाकड्या नळीत फाइल मोडली, घाबरला आणि दाढच उपटून मोकळा झाला. अरे, तुकडा राहिला म्हणून कोणी दाढ काढतं का? बाजूने वाट काढता येते, कुणा जाणत्याकडे पाठवता येतं. ते मूळ मी प्रयोगातून बाद केलं आणि विद्यार्थ्यांना दाखवायला वेगळ्या कुपीत ठेवलं. कसं करू नये याचा नमुना म्हणून. सगळी पोरं खदाखदा हसली, मीही हसले. तुझ्या मित्रांपैकी हा कोण महाभाग, तेवढं कळव.

आईची दाढ दुखत होती ना? बघितलीस का? तिला तरी ‘पेशंट आहे’ म्हणू नकोस.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवलास तर हरकत नाही.

तुझी,
खारूताई


२० फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दवाखाना बंद करून दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

तो महाभाग माझा मित्र नाही. ती दाढ आईची. चांदी तुला बाबांसारखी वाटली, कारण ती बाबांचीच होती. बाकीचं एक्स-रेत तुला दिसलंच आहे. मी त्यावर आणखी काय लिहू?

आईला मी सांगितलं, मूळ कुजलंय, काढावीच लागेल. तिने एका शब्दाने विचारलं नाही. ‘तू म्हणशील तसं’ म्हणाली आणि पुन्हा तोंड उघडून बसली. खारे, ते उघडं तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. काढून झाल्यावर तोंडात कापसाचा बोळा होता, तरी ट्रेकडे बोट करून म्हणाली, ‘ठेव.’ दवाखान्यात तुझी बरणी सगळ्यांना ठाऊक. मी समजलो, बरणीत ठेव म्हणतेय. खरं सांगू? ती नजरेआड व्हायलाच हवी होती मला, म्हणून सोयीचं तेच ऐकू आलं. आठवड्याने तिने विचारलं, माझी दाढ कुठाय? यांच्या हातची शेवटची वस्तू आहे, फोटोपाशी ठेवीन. मी म्हणालो, साफ करायला ठेवलीय. तेव्हापासून तिच्याकडे गेलो नाही. रोज येताजाता डोकावणारा मी, आता पलीकडच्या गल्लीतून जातो.

डोकं कचऱ्यातून परत मिळेल का? मिळणार नसेल तर एक कर. तुझ्याकडे दाढांचा काय तोटा? तशीच एखादी बघ, चांदी भर, खाचा कोर, मधोमध भोक पाड. हात तुझा बाबांसारखाच आहे, माझा कधीच नव्हता. आईला समाधान मिळेल. यात कुणाचं काय जातं?

मला शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्रातच घाल, फोनवर नको.

तुझा,
दादा


३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शिव्या घालायला बसले होते. तीन कागद फाडले. कुठल्या तोंडाने घालू? तू दाढ काढलीस आणि मी तिच्यावर दात काढले, तेही वर्गभर पोरांना गोळा करून. ‘हा डॉक्टर भेटला तर त्याला आधी आरसा द्या’ असंही म्हणाले होते मी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दादा. फिर्याद करायची कुणाकडे?

डोकं गेलं. कचऱ्याची गाडी त्याच दुपारी येऊन गेली. तरी मी नगरपालिकेच्या माणसापर्यंत जाऊन आले. तो म्हणाला, मॅडम, ते सगळं भट्टीत जातं. त्या खाचा मी भिंगाखाली धरून बघितल्या होत्या रे. बाबा आठवले म्हणून डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि त्याच हाताने चकती फिरवली. एकदा तरी थांबून दाढ कुणाची म्हणून विचारायचं होतं. इथे आम्ही कधीच विचारत नाही. दाढ बरणीतून निघाली की ती कुणाची नसते.

तू म्हणालास ते केलं. ‘नाही’ लिहायला बसले होते, पण आई फोटोपाशी रिकामी डबी ठेवून वाट बघत असेल, असं मनात आलं आणि पेन खाली ठेवलं. त्याच आकाराची दाढ शोधली, चांदी भरली, बाबांच्या पद्धतीने खाचा कोरल्या. छान जमल्या. मेल्या हाताला लाज म्हणून नाही. परवाच पार्सल आईच्या पत्त्यावर गेलं. सोबत चिठ्ठी घातली, ‘दादाने नीट साफ करून घेतली, जपून ठेव.’ तुझ्या नावाने खोटं लिहिताना अक्षर इतकं सुबक आलं की माझं मलाच आवडेना.

वाईट याचं वाटतं की माझा सगळा अभ्यास वाकड्या मुळाची दाढ कशी वाचवावी याचाच. नवी लवचिक फाइल तिथे सहसा मोडत नाही, हे मला गेल्या पावसाळ्यापासून ठाऊक होतं. सरांनी निबंध छापून येईपर्यंत थांब म्हटलं आणि मी सख्ख्या भावालाही कळवलं नाही. तेव्हा सगळा दोष एकटाच घेऊ नकोस. अर्धा इकडे पाठव.

आईकडे जा. कारण नसलं तरी जा.

राग आहे आणि लोभही आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
खारूताई


१५ मार्च

चि. दोघांस,
अ. उ. आ.

हे पत्र मी आधी दादाकडे धाडते आहे. त्याने वाचून, स्वतः तिकीट लावून खारूला पाठवावं. एवढी शिक्षा पुरे.

पार्सल मिळालं. काम सुरेख आहे. खारू, हात खरंच त्यांचा घेतलास. पण ती माझी दाढ नाही. माझ्या दाढेचा मागचा कोपरा उडालेला होता. इतकी वर्षं माझी जीभ दिवसातून शंभरदा तिथे जाऊन यायची. आता नुसत्या खड्ड्यात जाते. तुम्ही पाठवलेली अगदी धडधाकट. माझ्या तोंडातलं मला कळू नये, इतकी म्हातारी मी अजून झालेली नाही. विचारायला दवाखान्यात गेले, तर दादा बाहेर गेलेला आणि टेबलावर खारूची दोन्ही पत्रं उघडी; मी वाचली.

दोन दिवस ती डबीत, फोटोपाशी ठेवली होती. मग मनात आलं, ही कुणाची असेल? तिनेही कुणाला तरी ‘ठेव’ म्हटलं असेल. ती परत पाठवते आहे. तिच्यावर तरी नीट अभ्यास कर, खारू. माझ्या मुळात तो तुकडा आहे, ते राहू दे तुझ्याकडेच. फेकू नकोस आणि त्यावर हसूही नकोस.

हो, तुकड्याचं मला पत्रं वाचायच्या आधीपासूनच माहीत होतं. तुमच्या बाबांच्या दवाखान्यात मी अर्धं आयुष्य काढलं. फाइल मोडते तेव्हा टिक असा बारीकसा आवाज येतो आणि मग डॉक्टर गप्प होतो. दादा, मी खुर्चीत बसल्यापासून तू मला कॉलेजातले विनोद सांगत होतास. टिक झालं आणि तू गप्प झालास. मी वाट बघितली, आता सांगशील, मग सांगशील. तू म्हणालास, मूळ कुजलंय. मी म्हटलं, बरं, कुजलंय तर कुजलंय. तुला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं, हीच माझी चूक. तेव्हाच तुझा कान पिळला असता तर माझी दाढ राहिली असती आणि तू गल्ली बदलली नसतीस.

दाढ गेली त्याचं दुःख आहे, नाही असं कशाला म्हणू? ते गेल्यावर त्यांच्या हातचं तेवढंच माझ्याजवळ होतं. पण दाढेमागून तू पण जावंस, हा कुठला न्याय? दारावरून जाणारी पावलं मला ओळखू येतात. ती आताशा येत नाहीत.

आता कामाचं. उजवीकडची दाढही ठणकते आहे. शेजारच्या ताईंनी त्यांच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. मी म्हटलं, आमचा आहे. खारूने त्या लवचिक फाइल दादाला लगेच पाठवाव्यात. सरांना सांग, आई छापून येईपर्यंत थांबत नाही. मी रविवारी सकाळी दवाखान्यात येऊन बसते. घाबरलास तर थांब, पण गप्प होऊ नकोस. काही मोडलं तर ‘मोडलं’ म्हण. माझ्या तोंडात तुझी बोटं असतील, मला रागावता यायचं नाही.

तुमची,
आई