हाफ तिकिटाचं वय

७ जुलै, सोमवार
संकल्प: मल्हारच्या उंचीकडे आजपासून जातीने लक्ष देणार.
खुटबावहून एसटीने दौंडला. मल्हार चौदाचा, दिसतो दहाचा. कंडक्टरला नेहमीप्रमाणे अकरा सांगून हाफ काढलं. याला खोटं म्हणत नाहीत, काटकसर म्हणतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे लॅबमध्ये वाढीच्या हार्मोनसाठी त्याचं रक्त दिलं. काउंटरवरच्या पोरीने वय विचारलं. तोंडातून गेलं, अकरा. जिभेची सवय. मागे रांग होती, म्हणून दुरुस्त केलं नाही. रक्ताला काय वय कळतंय!

१० जुलै
मोबाइलवर रिपोर्ट. १५२. नॉर्मल! केडगावहून पेढे आणले. सविता रडलीच. म्हणाली, लेकराच्या काळजीनं जिवाला घोर लागला व्हता वो. मल्हारने पेढा खाल्ला नाही.

१२ जुलै
रिपोर्टखालची बारीक अक्षरं उगीच वाचली. नॉर्मल आकडा प्रत्येक वयाला वेगळा. अकराला १५२ चालतं. चौदाला कमी पडतं. उद्या लॅबला फोन.

१३ जुलै
रविवार निघाला.

१९ जुलै
दारात लोखंडी बार बसवला. मल्हारने रोज लटकायचं. शिवाय दोन अंडी. सविताने विचारलं, नार्मल हाय म्हणताय, मग ही लटकवालटकवी कशापायी? व्यायाम कधीही चांगला, म्हणालो. डॉक्टर पहिल्याच भेटीत बोलले होते, वाढीची हाडं एकदा बंद झाली की इंजेक्शनचाही उपयोग नाही. तेच डोक्यात फिरतंय. लाज वाटते. सोमवारी सविताला सगळं सांगणार. नक्की.

२१ जुलै, सोमवार
एकादशी. तिचा उपास. उपाशी माणसाला असलं सांगू नये.

२८ जुलै
सवितानेच डॉक्टरांकडे नंबर लावला. तिघं गेलो. आत शिरल्या शिरल्या सांगायचं, हे माझं पक्कं ठरलेलं. आधी डॉक्टरांना रिपोर्ट तर बघू दे, म्हटलं. त्यांनी रिपोर्ट बघितला, केसपेपर बघितला. म्हणाले, चौदाच्या मुलाला अकराची रेंज कशी लावली? हे तर कमी आहे. लॅबला वय कोणी सांगितलं?
मी घसा खाकरला. तेवढ्यात मल्हार म्हणाला, माझ्याकडूनच चुकून अकरा गेलं.
डॉक्टर चिडले. नववीत आहेस, स्वतःचं वय सांगता येत नाही? तीन आठवडे वाया घालवलेस. सविताने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे माझ्याकडे बघत होते, काहीतरी बोलणं भाग होतं.
म्हणालो, नीट ऐकून सांगायचं असतं रे, बाळा.
व्हय पप्पा, म्हणाला.