विलास शिंगटेचा हात

४ नोव्हें. २०००, शनि.
नको ते करून बसलोय. आधी लिहून टाकतो.
तालमीची साइट मी बनवलीय. तिच्या गेस्टबुकात, म्हणजे बघणाऱ्यांनी निरोप लिहायच्या पानावर, काल जे आलं ते मीच लिहिलंय. दुसऱ्याच्या नावानं.
महिनाभर गेस्टबुक कोरं. वस्ताद दर शनिवारी मारुतीला तेल घालून घडियाळी पोळेच्या गल्लीतून सायकल मारत पार समा भागापर्यंत येतात, मी कामाला आहे त्या सायबर कॅफेत माझ्या बाजूला बसतात, हातावर खोबरं ठेवतात आणि विचारतात, आज कोण आलं होतं रे? इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून मी वाचायचं. बढाई मीच मारलेली, साइट झाली की अख्खी दुनिया तालीम बघणार. दुनियेतून एक माणूस नाही. भेटी मोजणारा काउंटर ३१२ दाखवतो, त्यातले तीनशे मीच पान पुन्हा पुन्हा उघडून केलेत.
मग तालमीतल्या जुन्या ग्रुप फोटोखालचं एक नाव उचललं. विलास शिंगटे. इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकलं: 'वस्ताद, मी आता दुबईत असतो. तुमच्या मल्लखांबामुळे हात अजून लोखंडासारखे आहेत. आपला विलास.'
आज वाचून दाखवलं. वाटलं खूश होतील, पाठीत एक धपाटा देतील. कसलं काय.
"हात? हात म्हणतो तो?"
तीनदा वाचायला लावलं. मग उठून गेले. खोबरं माझ्या की-बोर्डवर.

६ नोव्हें.
पप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, विलास शिंगटे कोण? पप्पा तेव्हा त्याच तालमीत होते. वाघोडियाच्या कारखान्यातून शिफ्ट करून आलेले, बूट काढता काढता बोलले.
विलास म्हणजे तालमीचा हिरो. फौजेत जायचं पक्कं होतं, घरातले सगळे पूर्वी संस्थानाच्या फौजेतलेच. एका प्रदर्शनात मल्लखांबावरून पडला, डावा खांदा गेला. भरतीच्या डॉक्टरनं परत पाठवला. वर्षभरात घर गाव सोडून गेलं. कुठे, कोणाला ठाऊक नाही.
पप्पा म्हणाले, चूक त्याचीच. वस्ताद नको म्हणत असताना चढला.
मी जेवलो नाही. फोटोत पंचवीस जण होते. पंचवीस.

११ नोव्हें., शनि.
वस्ताद आले ते कागद घेऊन. पेन्सिलनं लिहिलेला, दोन्ही बाजूंनी. म्हणाले, याला उत्तर टाकायचंय, मी सांगतो तसं ठोक.
मी ठोकलं. थोडक्यात असं: 'तू आगाऊपणानं चढला नव्हतास. खांदा दुखतोय म्हणून तू सांगितलंस. पाहुणे बसले होते, म्हणून मीच तुला चढवला. नंतर लोकांना उलटं सांगितलं. तुझे वडील विचारायला आले, त्यांनाही तेच सांगितलं. आता हात बरा आहे म्हणतोस, म्हणून तुझ्याशी बोलायला तोंड आहे. नाहीतर नव्हतं.'
"सगळं घातलंस ना? काही गाळलं नाहीस?"
"नाही वस्ताद."
या महिन्यात खरं बोललेलं हे एकच वाक्य.
मग पानाच्या वर मी उडता मारुती लावलाय, स्क्रीनवर इकडून तिकडे जातो, त्याला वस्तादांनी नमस्कार केला आणि विचारलं, दुबईला हे कधी पोचेल?

१३ नोव्हें.
परत विलास बनून लिहिलं. 'वस्ताद, झालं गेलं विसरा.' बटणावर बोट होतं. पुसलं.
कबूल केलं तर? माझी तालीम बंद होईल, तो एक भाग. पण 'हात बरा आहे' हेच खोटं आहे, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगू. खरा हात कसा आहे मला तरी काय ठाऊक.
खरा विलासच शोधायचा. दुसरं काही सुचत नाही.

१५ नोव्हें.
त्याला आपण शोधू शकत नाही. पण त्यानं किंवा त्याच्या कोणी त्याचं नाव शोधलं, तर आपली साइट पहिली यायला पाहिजे.
एका चांगल्या चाललेल्या साइटचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून बसलो. लोक टायटलमध्ये काय घालतात, की-वर्डमध्ये काय, सगळं उतरवून घेतलं. आता टायटलमध्ये तालमीच्या आधी विलास शिंगटे. पानाच्या तळाला त्याचं नाव चाळीस वेळा, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसत नाही, सर्च इंजिनला दिसतं. नऊ सर्च इंजिनांना फॉर्म भरून पाठवला. प्रत्येकाचं एकच उत्तर, काही आठवडे थांबा.
पहिल्यांदा काहीतरी मन लावून केलं, आणि ते कशासाठी.

१८ नोव्हें., शनि.
काही नाही. वस्ताद पण जास्त बसले नाहीत.

२१ नोव्हें.
केतनभाईंनी पकडलं. कॅफे त्यांचा, कधीतरी मागे येऊन उभे राहतात. आज त्यांनी पान खालपर्यंत माउसनं सिलेक्ट केलं तर सगळी पांढरी नावं भुतासारखी वर.
"आ विलास कोण छे, भाई? तारो जमाई छे?"
मी म्हटलं, टेस्टिंग चालू आहे. केतनभाई शेव-उसळ खात खात हसले, म्हणाले, इतक्या वेळा तो कोई भगवाननुं पण नाम नथी लेतुं. ही गोष्ट वस्तादांसमोर काढली तर मेलो.

२५ नोव्हें., शनि.
उत्तर नाही म्हटल्यावर वस्ताद स्वतःच म्हणाले, नाही देणार तो. का द्यावं.
तरी मल्लखांबाला नवीन एरंडेल लावलंय. आला तर बघेल म्हणे.
ता.क. ताई, तू ही वही वाचतेस. पानात केस ठेवला होता, तो आज नव्हता.

३० नोव्हें.
वस्तादांनी संध्याकाळी तालमीत सगळ्यांना बसवून सांगून टाकलं. विलास स्वतः चढला नव्हता, मी चढवला. पप्पा तिथे होते. घरी येऊन टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून बघत बसले. मग म्हणाले, विलासला मी पण बोललो होतो रे तेव्हा. आगाऊ म्हणून.
एका खोट्या ओळीवर आता किती माणसं उभी आहेत.

२ डिसें., शनि.
वस्ताद आले नाहीत. पहिल्यांदाच.
फुकट जागा देणाऱ्या कंपनीनं साइटवर गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात टाकलीय, बरोबर मारुतीच्या खाली. काढता येत नाही. एरवी हसलो असतो.

८ डिसें., शुक्र.
सकाळी कॅफे उघडला, साइट लावली. गेस्टबुकात नवीन. शब्द न शब्द उतरवून घेतलाय:
'मी विलास शिंगटे. सर्वांत पहिलं मी लिहिलेलं नाही. दुबई मी पाहिलेली नाही, इटारसीला असतो. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मुलीनं गंमत म्हणून कॉलेजात माझं नाव शोधलं, त्यात हे पान निघालं. खाली वस्तादांच्या नावानं जे आहे ते तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. पहिलं खोटं आहे, मग हे दुसरं तरी खरंच वस्तादांनी लिहिलंय का? तेवढं कळवा.'
म्हणजे माझ्यामुळे वस्तादांचं खरंही खोटं दिसतंय.
प्रत्येक मजकुरासमोर डिलीटचं बटण असतं, फक्त मला दिसतं. तीन बटणं. दुपारपर्यंत बघत बसलो. मग मजकुराखाली मुलीचा पत्ता होता, त्यावर ईमेल केला: पहिलं मी लिहिलं, मी पिंट्या, तालमीतलाच. दुसरं वस्तादांनी लिहून आणलं, मी फक्त ठोकलं. कागद माझ्याकडे आहे, त्यांच्या अक्षरातला. पोस्टानं पाठवतो.
गेलं.
उद्या शनिवार. आज केतनभाईंच्या फोनवर वस्तादांचा निरोप आला, उद्या येतो म्हणून. बाजूला बसतील, खोबरं ठेवतील, विचारतील कोण आलं होतं. 'हात वर जात नाही' या ओळीवर आलो की परत म्हणतील, तीनदा वाच. ती ओळ गाळली तर त्यांना कधी कळायचंही नाही. वाचणारा मीच.
ताई, आता हे वाचते आहेस ना, पाया पडतो तुझ्या. पप्पांना नाही, आईला नाही, तालमीत तर कोणालाच नाही. उद्या वस्ताद कॅफेतून निघेपर्यंत तरी. त्यांनी ते माझ्याकडून ऐकायला हवं. किंवा मग कधीच

नाही. तू फक्त कोणाला सांगू नकोस.