दाराची कडी दोनदा दिसते

रविवार, १२ जानेवारी

आज बोरी अरबला मोठ्या जाऊबाईंचे फोटो काढले. त्यांचे हात हल्ली कापतात. चार फोटो हललेले आले, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, जरा हात स्थिर ठेवा की!" त्यांनी हात पदराखाली घेतले. पाचवाही हललाच. तेव्हाच कळायला हवे होते.

घरी कॉम्प्युटरवर पाहिले. त्यांच्या मागच्या दाराची कडीही दोनदा दिसते आहे. दार कसे हलेल? हलला तो माझा कॅमेरा. बटण आधी अर्धे दाबून धरायचे, मग हळूच पूर्ण. म्हणजे कॅमेऱ्याला धक्का बसत नाही. कोपरे अंगाला टेकवायची. हे सगळे माहीत असून मी घाईत बटण ठोसल्यासारखे दाबत होते. आणि बोलणी कुणाला? ते पदराखाली गेलेले हात डोळ्यांपुढून हलत नाहीत.

शेवटी फोन केला. म्हटले, "बाई, चूक माझ्या हातांची होती."

"तुह्येबी हात कापतेत का वो?" त्या हसल्या. "बरं झालं माय, मले वाटे मी एकटीच."

माझे हात ठणठणीत आहेत, हे सांगायला तोंड उघडले होते. पण त्यांचा आवाज इतका हलका झाला होता, की मी "हो" म्हणाले.