बोलत नाही

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

आजही नाव आलं नाही. परभणीकडचा एक म्हातारा, दोन शाळकरी पोरं, नगरची एक बाई — आणि लगेच बातम्या.

दिवाळीच्या गर्दीत साखऱ्याहून एसटीत बसले, हिंगोलीला उतरले. दोन साड्या आणि हा रेडिओ, एवढंच आणलं. साधा रेडिओ नाही हा, टीव्हीचा आवाज धरतो. चित्र नाही, नुसता आवाज. संध्याकाळी मराठी बातम्यांच्या आधी हरवलेल्या माणसांची माहिती सांगतात. ती लावून बसते. मला कुणी शोधतंय का ते बघायचं. बघायचं कसलं — ऐकायचं!

भिंतीपलीकडे घरमालकीण आशाबाईंचा टीव्ही आहे. त्या रोज बोलावतात. "या की वं बाई, एकल्या काहून बसता?" मी जात नाही. माझा फोटो आला तर सगळ्या बायका आधी टीव्हीकडे बघतील, मग माझ्याकडे. तेव्हा मी तिथे बसलेली नको.

११ नोव्हेंबर

नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

टेलरकडून ब्लाउज आणले, हुक लावायला. हाताला काम आहे म्हणून डोकं ठिकाणावर आहे.

आज लिहूनच टाकते. आमच्या घरात चार वर्षं अबोला होता. बांधाच्या भांडणावरून भावकी बसली होती. यांनी काहीतरी खोटं रेटलं आणि मी चहा देता देता म्हणून गेले, "असं न्हाई झालं." एवढंच. "चार माणसांत माझी इज्जत घालवलीस. आता तुझ्यासंगं बोलणार न्हाई." आणि खरंच बोलले नाहीत. दुसरा एक शब्द कधी पाळला नाही या माणसाने, हा मात्र पाळला.

लेक होती तोवर निभावलं. संघमित्रा. "मित्रे, आईला सांग, चहा टाक." आई तिथेच चुलीपुढे बसलेली! मीही मग तसंच — "बाबाला सांग, पाणी तापलंय." लेकरू दोघांचे निरोप वाहून दमलं. तिने टीव्ही मागितला तर यांनी हा रेडिओ आणून दिला. "चित्र काय करायचं? आवाज आला की झालं." हे कोण म्हणतंय बघा.

उन्हाळ्यात संघमित्राचं लग्न झालं, ती जिंतूरला गेली. मग घरात आवाज उरला ताटलीचा. भाजी पाहिजे असली की ताटली वाजवायचे. एकदा वाजवली आणि मी उठलेच नाही. पुन्हा वाजवली. मला वाटलं, आता तरी बोलतील. उठून स्वतःच वाढून घेतलं आणि गेले. त्याच आठवड्यात मी निघाले.

२२ नोव्हेंबर

लपायचं असतं तर पुण्याला गेले असते. हिंगोलीत कोण लपतं? निम्मं साखरा बाजाराला इथेच येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्यांना पोलीस ठाण्यात जावं लागेल. तिथे विचारतील, बाईचं नाव काय? तेव्हा त्याच तोंडाने म्हणावं लागेल — करुणा. मग विचारतील, रंग कसा, बांधा कसा, अंगावर काही खूण? माझ्या डाव्या कानामागे भाजल्याची खूण आहे, लहानपणची. माहीत असेल का त्यांना? चार वर्षांत बघितलं तरी का माझ्याकडे?

इथे मी नाव सांगितलेलं नाही. आईचं सांगितलं, लक्ष्मीबाई. माझं नाव आधी त्यांच्या तोंडून निघू दे. त्यांचं मात्र मी इथे लिहिते — मुंजाजी. मुंजाजी. कोण ऐकतंय.

२७ नोव्हेंबर

"रंग गव्हाळ, बांधा मध्यम, चेहरा गोल." रोज ज्याला त्याला हेच. सगळा मराठवाडाच हरवलाय की काय! अशाने कुणी कुणाला ओळखत असेल असं वाटत नाही.

६ डिसेंबर, रविवार

चैत्यभूमीवरची गर्दी सांगत होते. हे दरवर्षी जातात. गर्दीचा नुसता गजर येतो, लाटेसारखा, त्यात कुणाचा म्हणून आवाज वेगळा निघत नाही. तरी कान लावून बसले. मूर्ख बाई.

म्हणजे घराला कुलूप लावून गेले असतील, नेहमीसारखे. भाकरी कुणाकडून तरी बांधून घेतली असेल. बायको नाही म्हणून काही अडलेलं दिसत नाही. मी खिडकीत मेणबत्ती लावली आणि वाऱ्याने ती विझली, पुन्हा लावली.

१३ डिसेंबर

दुपारी गल्लीतल्या बायका माझ्या खोलीत जमतात, मी हुक लावते आणि बोलत सुटते. काय बोलते माझं मलाच कळत नाही — दळण, पाऊस, कुणाची म्हैस. आशाबाई म्हणाल्या, "लक्ष्मीबाई, तोंड हाय का गिरणी? दळूनच राहिल्या!" सगळ्या हसल्या, मीही हसले. चार वर्षांचं साठलेलं आहे, त्यांना काय माहीत.

त्या गेल्या की खोली खायला उठते.

२५ डिसेंबर

कुणी शोधत नाही. हे लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या पुन्हा आशा धरायला नको.

हरवायला सुद्धा कुणाचं तरी असावं लागतं. मी नुसती घरातून कमी झाले. आज जीव अगदी नकोसा झाला. हुक लावता लावता सुई बोटात गेली तर बरंच वाटलं, निदान काहीतरी झालं.

लेकीला कार्ड टाकावंसं वाटतं. पण मग ती बापाला सांगणार, बाप तिला सांगणार, पुन्हा ती पोरगी मधे उभी. सासरी तरी तिला निवांत राहू दे.

३ जानेवारी १९९९

रेडिओचे सेल संपले. म्हटलं, बरं झालं, सुटले. संध्याकाळी जाऊन नवीन आणले. स्वतःचीच लाज वाटली.

७ जानेवारी, गुरुवार

आलं.

"करुणा मुंजाजी, राहणार साखरा, तालुका सेनगाव." माझं नाव! त्या बाईने किती स्वच्छ उच्चारलं. "वय बेचाळीस. रंग सावळा." गव्हाळ नाही, सावळा! "बांधा सडपातळ. डाव्या कानामागे भाजल्याची जुनी खूण." माहीत होतं. माहीत होतं त्यांना. मी रेडिओला दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्या क्षणी कुणी ये म्हटलं असतं तर अनवाणी साखऱ्याला निघाले असते.

मग ती म्हणाली, "या महिलेला बोलता येत नाही."

मग हळूहळू समजलं. ठाण्यात विचारलं असेल, आणखी काही ओळख? हे म्हणाले असतील, "बोलत न्हाई ती." आमच्याकडे रुसलेल्या बाईबद्दल असंच म्हणतात — बोलत न्हाई. लिहिणाऱ्याने लिहून घेतलं, मुकी. की यांनीच तसं सांगितलं? नाही, एवढं खोटं सांगणार नाहीत. पण "बोलत न्हाई ती" म्हणाले असतील, तर तेच किती उलटं! बोलत कोण नव्हतं?

नाव सांगितलं, रंग सांगितला, खूण सांगितली. आणि शेवटी तो अबोलाही माझ्याच माथी मारला.

भिंतीपलीकडे आशाबाईंचा टीव्ही चालूच आहे. त्यांनी फोटो बघितला असणार. अजून कुणी आलेलं नाही.

८ जानेवारी

सकाळी आशाबाई आल्या. "अवो, काल टीव्हीत एक बाई दावली, हुबेहूब तुमी! मी उठलेच व्हते तुमच्याकडं यायला. मंग टीव्हीवालेच म्हनले, ती मुकी हाय. म्हटलं, मंग ह्या कशाच्या!" खूप हसल्या. "फोटोत तिच्या खांद्यावर हात व्हता कुणाचा तरी, हिरव्या चुड्याचा. बाकी मानूस कापून टाकलेलं."

संघमित्राचा हात. तिच्या लग्नातला फोटो.

"सापडंल का वं बिचारी?" मी सुईत दोरा ओवायला लागले. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. नीट बघायला लागल्या. "काय वं, आज गप काहून?"

मग मी बोलले. म्हटलं, "न्हाई सापडायची ती."