खोपीतला वाऱ्याचा दिवा

२२ जुलै १९८४

आबा पुन्हा पडले. बांधावर, अंधारात, शेवाळावरून पाय सरकून. घोटा सुजून टम्म. मिठागर बंद पडलं, माणसं पांगली, मालक गेला, तरी आमचे वडील आपले खाडीकाठच्या खोपीत एकटे. आई असती तर हाताला धरून उठवून आणलं असतं. मी लेक, मला कोण जुमानतंय. म्हटलं, वाशीला चला, दोन खोल्या आहेत, नळ आहे, बटण दाबलं की दिवा आहे. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं आणि दिवा तेवढा धरून ठेवला.

"मना उजेड नाय म्हनून नेतेस ना? मंग उजेडच आन हितं."

मीही चिडले. म्हटलं, आणते. दसऱ्यापर्यंत आणते, आणि नाही जमलं तर मुकाट्यानं घरी यायचं. हो म्हणाले. दिलेला शब्द ते मोडणार नाहीत. मी मात्र काय बोलून बसले ते परतताना कळलं.

२३ जुलै

सु.ला सांगितलं. नवरा म्हणून धीर द्यावा, तर हसत सुटला. त्या बाजूला विजेचा एक खांब नाही, वीज काय खिशातून नेणार, म्हणे. सातारी माणूस, हसला की थांबत नाही.

मी म्हटलं, एक खांब आहे. खाडीचं पाणी मिठागरात चढवायला पूर्वी पवनचक्की होती, तिचा. चाक केव्हाच मोडून गेलं, खांब शाबूत आहे. आणि वारा तर फुकट. मग हसायचा थांबला. पेन्सिल शोधायला लागला.

२९ जुलै

इतकी वर्षं झाली महाप्याच्या कारखान्यात कॉइल गुंडाळते. डिझेलवर चालणारे जनरेटर. तांब्याची तार फिरवा, खाचेत बसवा, दोऱ्यानं बांधा, वार्निशात बुडवा. हात चालतात आणि मन कुठेतरी भलतीकडे. आज पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत त्याच गोष्टीचा विचार करत बसले. चुंबक फिरतो. तारेच्या अगदी जवळून जातो, पण शिवत नाही. नुसता जवळून जातो, परत येतो, परत जातो, आणि तारेत वीज जागी होते. फिरवणारं इंजिन असो की वारा, तारेला काय त्याचं.

किती विचित्र आहे हे. आणि मी डबा खात खात...

भंगारात एक छोटा जनरेटर दिसला. आतले चुंबक चांगले, तारेचं वायंडिंग जळलेलं. सुपरवायझरांना विचारलं, ने म्हणाले, आणि कशाला ते विचारलंही नाही.

११ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सु. पॅटर्न शॉपमधला, ओतकामाचे लाकडी साचे करतो, लाकूड त्याच्या हातात लोण्यासारखं. मशिनी ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या आणून तीन पाती तासली. दोन आठवडे घरभर भुसा. पातं बोटावर तोलून धरतो आणि डोळे मिटून बसतो. विचारलं काय करतोयस, तर म्हणे वारा कसा सरकेल ते बघतोय. बरं बाई.

गावानं खाडीला नारळ वाहिला. आबा लंगडत आले होते. वारा आज कुठल्या अंगानं आहे हे ते मान न वळवता सांगतात, कानाला कळतं म्हणे. मी लहान असताना त्यांच्या खांद्यावर बसून हे शिकायला बघायची. नाहीच आलं.

कॉइल झाली. दोन हात वार्निश. माझ्या हातचं इतकं देखणं वायंडिंग कारखान्यातसुद्धा झालं नसेल.

१९ ऑगस्ट

चाक बसवलं. काय फिरलं! पावसाची उघडीप, खाडी भरलेली, वर पांढरी पाती भिरभिर, आणि आम्ही तिघं माना वर करून. आबांचं तोंड उघडं राहिलेलं. खूप खूप वर्षांनी असं बघितलं त्यांना.

खोपीत ट्रकच्या दिव्याचा बल्ब लावला होता. पेटला नाही. बल्बातली तार लालसर झाली, विडीच्या टोकाइतकी, तेवढीच. वायरी तपासल्या, पुन्हा जोडल्या. तेच. आबा म्हणाले, "चाक बरा हाय. बघाला बरा वाटतंय." आणि कंदील पुसायला बसले.

परतताना मला रडू यावं की बरं वाटावं हेच कळेना. दिवा नाही म्हणजे आबा येणार.

२४ ऑगस्ट

कळलं.

टेस्टिंगला इंजिन बंद केलं, थांबत थांबत आलं, तसा मीटरचा काटाही खाली खाली. रोज बघते की हे. आजच का दिसलं? आमची इंजिनं भन्नाट फिरतात, म्हणून जाड तार आणि थोडे वेढे पुरतात. हाताला तीच सवय, तेच गुंडाळून मोकळी झाले. वारा कुठला एवढा धावायला. चुंबक सावकाश जाणार असेल तर त्याच्या वाटेत तार जास्त हवी. बारीक तार, पुष्कळ वेढे. बस्स, इतकंच.

सु.ला सांगायला तोंड उघडलं आणि भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारलं.

२७ ऑगस्ट

अजून सांगितलं नाही. कुणालाच.

मला आबा इथे हवे आहेत. यात वाईट काय आहे? बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ त्यांची गादी कुठे घालायची तेही ठरलं आहे मनात. सकाळी आम्ही दोघं कामावर गेलो की ते गॅलरीत बसतील, समोर खाडी दिसते थोडी. थोडी दिसते. पुढचा प्लॉट बांधला की तीही नाही दिसणार.

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात आमच्या घराला पाती होती आणि घर सावकाश फिरत होतं, आबा दारात उभे, उतरायला जागा शोधत.

८ सप्टेंबर

गणपती-गौरी आटोपले. मोदक घेऊन खोपीवर गेले. तर पाग दिसेना. मासे धरायचं त्यांचं जाळं, आईच्या आधीपासूनचं. शेजारच्या वाडीत एकाला देऊन टाकलं म्हणे. कोंबड्याही दिल्या. दसरा जवळ आला ना, वाशीला जाळं कुठे फेकणार मी, असं विचारलं मलाच. रागानं नाही. कुरकुर नाही. साखर संपली आहे असं सांगावं तसं सांगितलं.

त्यांनी भांडायला हवं होतं. मला सोपं गेलं असतं.

चाक वर फिरतच होतं. दिवा नाही, काही नाही, उगाच फिरत होतं.

९ सप्टेंबर

सु.ला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पात्याच्या उरलेल्या तुकड्याला पॉलिश पेपर घासत बसला. मग म्हणाला, "चाक माझं, तार तुझी, आन् आबा बी तुझं. मी काय सांगू?" एरवी हजार गोष्टी सांगतो.

रात्रभर जागी वगैरे नव्हते. झोपले चांगली. सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं.

१६ सप्टेंबर

जनरेटर उतरवून आणला. माझंच देखणं वायंडिंग छिन्नीनं कापून काढलं. जीव हळहळला.

बारीक तार. केसासारखी म्हणतात तशीच. गुंडाळता गुंडाळता वेढे मोजायचे असतात, मोजता मोजता आई, खाडी, लग्नाच्या वेळी आबा मांडवात एका खांबाला धरून उभे होते ते. प्रत्येक वेढ्याबरोबर ते थोडे लांब जात होते आणि मीच गुंडाळत होते. चुकले, उलगडलं, पुन्हा.

२३ सप्टेंबर

पेटला.

संध्याकाळचा खारा वारा आला आणि खोप पिवळी झाली. दिव्यालाही वाऱ्यासारखी लाट, वाढतो, उतरतो, पुन्हा वाढतो. आईची फळी, डबे, कोपऱ्यातलं फावडं, सगळं श्वास घेतल्यासारखं. मी खरंच रडले. लपवायला अंधार नव्हता.

वारा जरा उतरल्यावर आबांना शिडीवर चढवलं (घोटा आता बरा). पात्याला हात लावून फिरवून बघायचं होतं त्यांना. खालून मी दिव्याची वायर सोडली, चाक हलकं. वायर जोडली, चाक जड. पुन्हा सोडली, पुन्हा जोडली. कारखान्यात हे रोजचंच, लोड टाकला की इंजिन कण्हतं. पण आबांनी ते तळहातानं बघितलं. मला वाटलं घाबरतील. ते वरूनच म्हणाले,

"उजेडाला वजन हाय गो."

शिकवून ठेवलं आहे, वादळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना जोडायच्या, चाक इतकं जड होतं की जवळजवळ थांबतं. सु. म्हणाला बॅटरी लावू, म्हणजे वारा नसतानाही दिवा राहील. आबा नको म्हणाले. वारा आहे तोवर उजेड, वारा पडला की काळोख, त्यात काय. मग माझ्याकडे बघून, जरा थांबून: "वारा पडला का येन तुज्याकडं जेवाला."

मी जिंकले की हरले? सु. म्हणतो दोन्ही.

३० सप्टेंबर

रोज संध्याकाळी गॅलरीत. खारफुटीच्या काळ्या रेघेवर एक ठिपका. वाढतो, उतरतो. तांदूळ निवडता निवडता बघते. तो दिसतो आहे म्हणजे आबा ठीक आहेत, आणि येणार नाहीत.

४ ऑक्टोबर, दसरा

कारखान्यात पूजा. मशिनींना झेंडूचे हार, हळदकुंकू, आज एकही चालवायची नाही, आमच्या हातांनाही सुट्टी. लवकर घरी. संध्याकाळी गॅलरीत गेले तर ठिपका नाही. वारा तर होता. पडदे उडत होते.

मी चपला न घालताच निघाले, सु. मागून चपला घेऊन. बांधावर घसरत, हाका मारत. खोप रिकामी. टॉर्च वर मारला. चाक दोरीनं खांबाला करकचून बांधलेलं, मधोमध झेंडूचा हार, कुंकवाचं बोट. दसऱ्याला मशिनी बंद ठेवतात हे मागे मीच कधीतरी सांगितलं होतं त्यांना. आणि माणूस कुठे?

परत आलो तर आबा आमच्या जिन्यात, पायरीवर, मांडीवर आपट्याची पानं. गावातल्या रस्त्यानं आले होते, म्हणून चुकामूक. आम्हा दोघांचे चिखलाचे पाय बघून काय झालं विचारतात. मी ओरडले, जीव गेला असता माझा. ते म्हणाले, चाकाला सुट्टी, मग मलाही. सोनं दिलं हातात. मी वाकून नमस्कार केला आणि उठलेच नाही थोडा वेळ.

आबा जेवले. गॅलरीचं दार उघडं ठेवून झोपले. 

५ ऑक्टोबर

उजाडायला लागल्यावर बघते तर घडी घातलेली चादर. आबा चाक सोडायला गेले.

११ ऑक्टोबर

उकाडा. खाडी तेलासारखी. वाळत घातलेले कपडे दोरीवर निपचित. कालपासून ठिपका नाही.

सु. म्हणतो जाऊन बघून येतो. मी म्हटलं थांब. वारा पडला की येईन म्हणाले आहेत, बोलावून आणलं तर ते आणल्यासारखं होईल. तो बोट ओलं करून गॅलरीत उभा राहिला, वारा काहीच नाही म्हणाला. मी तिघांचे तांदूळ धुतले. सुकट भाजली. खिडकीजवळ गादी घातली, मग काढली, मग पुन्हा घातली.

आता भात होत आला आहे. जिन्यात पावलं वाजली, वरच्या मजल्यावर गेली. पुन्हा वाजताहेत, हळू, कठड्याला धरून चढल्यासारखी. कदाचित.

आत्ता पडदा जरा हलला. मी उठून खिडकी लावून घेतली.