बोथ्याच्या घाटातलं अस्वल

माय, मागच्या आठवड्यात बोथ्याच्या घाटात आमची मोटार तापून थांबली. नातवंडं खाली उतरून बोरं वेचायला लागली, आणि मला तू आणि बाबा आठवलात.

आपण तेव्हा नांदुऱ्यात राहायचो. बाबा जिनात कापूस तोलायचे. कामातून सवड मिळाली की तुम्ही दोघं मला मधे बसवून बैलांच्या दमणीतून निघायचात. श्रावणात डोंगरातल्या ओढ्यांना पाणी आलं म्हणून, फाल्गुनात पळस फुलला म्हणून. शेजारची काकू विचारायची, "कोन्या देवाले चाल्ले?" तू सरळ सांगायचीस, "देवाले नाही, फिराले." नवराबायकोनं नुसतं फिरायला जावं याचं लोकांना हसू यायचं. तुला त्याचं काही वाटत नसे.

मग काचबिंदूनं बाबांचे डोळे गेले. जिनातलं काम सुटलं. ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसायचे, जेवायला हाक मारली तरी बोलायचे नाहीत. वर्षभर दमणी हलली नाही. मार्गशीर्षात एका सकाळी तू गाडीवानाला बैल जुंपायला सांगितलंस.

"मले काऊन नेतं? मले काय दिसनार हाय?" बाबा म्हणाले.

"मले दिसते न. चाला."

खामगावात मामाकडे मुक्काम करून आपण घाटाखाली पोचलो. गाडीवान बैलांपाशी थांबला. आपण तिघं ओढ्याच्या काठानं चाललोय, तुझा हात बाबांच्या दंडाला. एकदम तू थांबतेस, मला ओढून पाठीशी घेतेस. तुझा आवाज अगदी खाली जातो.

"अवो, हालू नका. अस्वल हाय. बोरीखाली."

"किती लांब?"

"आपल्या आंगनाएवढं."

"पोरीले घेऊन मांगं सरक. मी राह्यतो अठीच."

"मी नाही जात."

तू हळूहळू सांगायला लागतेस. "बोरं खाऊन राह्यलं. पाठीवर पिल्लू हाय. आता आपल्याकडं पाह्यते. उभं राह्यलं, दोन पायावर." एक जोराचा फुत्कार मलाही ऐकू येतो. आणि बाबा विचारतात, "पिल्लानं कसं धरलं मायले?" वर्षभरात त्यांनी कशाविषयी असं विचारलं नव्हतं.

"केसाले. दोन्ही मुठीनं."

अस्वल पुन्हा चार पायांवर आलं आणि नाल्यात उतरून गेलं. बाबा तिथंच मातीत बसले. ते म्हणाले, "पुन्हा सांग." तू पुन्हा सांगितलंस. घरी येईपर्यंत किती वेळा सांगितलंस कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. "मी अस्वल पाह्यलं," बाबा सांगत होते. कुणीतरी हसलं, "तुमी कसं पाह्यलं?" तू दिवा घेऊन आतून आलीस. "हाव, त्यायनंच पाह्यलं," म्हणालीस, "मी नुसती संग होती." त्यानंतर बाबा होते तोवर तुमचं फिरणं चुकलं नाही. काकूनंही विचारायचं सोडून दिलं.

घाटात मी नातवंडांना सगळं सांगितलं. अस्वल कसं उभं राहिलं, पिल्लानं केस कसे धरले होते, सगळं. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. हा कागद कुठं पोचायचा नाही, म्हणून तुला सांगते. मी तेव्हा तुझ्या लुगड्यात तोंड खुपसून डोळे घट्ट मिटले होते. मला काहीच दिसलं नव्हतं.